पयल्या मानाची पावणी

काजूचे बोंडू तुडवणं काठावरून बघणाऱ्याला नाच वाटतो. कातळात खोदलेल्या कोळमीत उतरायचं, बोंडूंचा ढीग पायाखाली घ्यायचा आणि थयथय सुटायचं. पण घटकाभरात पोटऱ्यांना गोळे येतात, रस टाचांच्या भेगांत चावायला लागतो आणि वासानं डोकं असं गरगरतं, की एक थेंब न पिता माणूस पिऊन बसल्यासारखा दिसतो.

मुळगावच्या वरल्या वाड्यावरचा दत्ताराम खरं म्हणजे टिप्परवाला. पण खाणी बंद पडल्या आणि त्याचा टिप्पर फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच. बॉनेटखाली कोंबडी बसायला लागली. कुणी विचारलं की दत्ताराम सांगायचा, "धंदो बरो चल्ता. आदी डिझेल खायचो, आता अंडी घालता."

त्या उन्हाळ्यात त्यानं भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, काजूची बाग करायला घेतली होती. उजाडायच्या सुमाराला बोंडू वेचायचे, बायको शेवंतीनं बिया पिळून वेगळ्या करायच्या, बापलेकीनं तुडवायचे, मग रस भट्टीवर चढवायचा.

त्या दिवशी गौरवी तुडवता तुडवता थांबली. बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेली सतरा वर्षांची पोर. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. कोळमीच्या काठाला हात टेकून उभी राहिली. तोंड उघडं, गळ्याखालची शीर टणाटण उडते आहे.

"काय गो," दत्ताराम म्हणाला, "संपार गेलंस? मालकाक नोटीस तरी दी."

गौरवी हसली. हसल्यावर खोकली आणि खोकता खोकता लगद्यातच बसली.

शेवंतीचे हात बिया पिळतच राहिले. "उनां वायट आसत," ती म्हणाली. "पाणी पी जरा."

कोळमी झाडाच्या गडद सावलीत होती. पण तिघांपैकी कुणी वर बघितलं नाही.

तेवढ्यात चढणीवरून सुलोचना आली. दत्तारामची वहिनी, थोरल्या भावाची बायको. भाऊ कुवेतला. तिचा एकुलता निखिल गेल्या सालच्या शिगम्यात गेला. एकोणीस वर्षांचा, कधी सर्दीपडसं नाही. अंगणात ढोल वाजवत होता. आधी ढोल सुटला, गडगडत तुळशीपर्यंत गेला आणि मागून निखिल पडला. लोक ढोल उचलायला धावले. तो पोरगा आता उठेल, मग उठेल, म्हणून बघत राहिले.

वर्षभर सुलोचना कुणाशी बोलत नव्हती. मग कुठूनसं तिला कळलं, की पणजीला डॉक्टरांचं एक मंडळ आहे, त्यांची गाडी गावोगाव फिरते. गाडीत खाट, छातीला चिकटवायच्या वायरी आणि काळजाचं चित्र दाखवणारं मशीन. तरण्या पोरांना निजवून बघायचं, कुणाच्या काळजात काही लपलंय काय. फक्त दिवसाचा खर्च गावानं उचलायचा. त्या दिवसापासून सुलोचना घरोघर हिंडायला लागली.

पैसे जमवायला दत्तारामनं तिला हात दिला. शाळेच्या पटांगणात तंबोला लावला, स्वतः माइक धरला. स्वतःच्या भट्टीची हुर्राक बाटल्यांत भरून विकली. "काळजाच्या औषधाखातीर पी रे, पाप लागूचा नाय!" असं ओरडला, की लोक हसून हसून दोन बाटल्या घ्यायचे.

आता सुलोचना झाडाच्या मुळावर टेकली आणि छत्री मिटून म्हणाली, "दत्ताराम, पैशे जाले."

"मगे? वयनी, तोंड असा कित्याक?"

"पैशे जाले, पोरां नाय. एकय आवय पोराचा नाव दिना. गुरुदास शेट काय म्हणालो, आयकलंस? पैशे व्हये तितके व्हर, म्हणालो, पण माझ्या प्रज्योताक त्या गाडयेत घालू नको. उद्या दोष निघालो तर तेका चेडू कोण दितलो?" तिनं कोळमीकडे बघितलं. "पोरां नसली तर गाडी येवन काय करतली? तुझ्या तोंडाक लोक भुलतत. तू कायतरी कर."

"करतंय," दत्ताराम म्हणाला.

"आपल्या गौरवीचा नाव पयला घाल. मग लोक घालतले."

दत्तारामनं पायाखालचे बोंडू जोरात दाबले. "घालूया मां," तो म्हणाला. "घाय खंय आसा?"

सुलोचना उतरणीला लागल्यावर शेवंती बोलली. गौरवी तेव्हा विहिरीवर पाय धुवायला गेली होती.

"गाडी येतली त्या दिसा तिका पेडण्याक मामाकडे धाडूया."

"तसाच म्हणत होतंय."

"लोक आदीच म्हणतत, निखिलाच्या घराण्याची. कागदार कायतरी इला, तर मेल्याबरी जातली ती. जिवंतपणी."

"अगो धाडूया म्हणालंय मां!"

दत्तारामचा आवाज चढला तशी कोंबडी बॉनेटखालून ओरडत बाहेर पडली.

आता दत्तारामसारखा माणूस गप्प बसून कुढणारा नव्हे. डोक्यात किडा वळवळायला लागला, की तो त्याला नाचायला लावतो. लोक दोषाला भितात, हे त्याला ठाऊक होतं, कारण तो स्वतः भीत होता. पण या वाड्यावरचे लोक मानाला कधी भ्यालेत? पहिली पालखी कुणी उचलायची, होळीचा माड कुणी आधी हात लावून आणायचा, यावरून सख्ख्या भावांनी डिचोलीच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. मान म्हटलं, की अंथरुणातला म्हातारा उठून बसतो.

राष्ट्रोळी देवाची जत्रा तोंडावर होती. जत्रेला पावणी असते. देवाला वाहिलेली फळं, नारळ, कोंबडा देवळापुढच्या मांडावर आणून बोली लावायची. बाजारात वीस रुपयांना मिळणारा नारळ हजाराला जातो, आणि घेणारा तो छातीशी धरून घरी नेतो, कारण त्यानं नारळ नव्हे, मान घेतलेला असतो. आणि पावणीची बोली पुकारायचं काम गेली किती वर्षं दत्तारामकडे.

त्यानं सगुणला गाठलं. सगुण म्हणजे त्याच्या टिप्परवरचा क्लीनर. टिप्पर थांबल्यावरही हा माणूस सकाळी येऊन काच पुसून जायचा. लग्न नाही, पोर नाही.

"आयक," दत्ताराम म्हणाला. "पयलो नारळ जेका मेळतलो, तेच्या पोराक गाडयेत पयलो मान. गुरुदास शेट सोडचो नाय, तेका सगळ्यात पयलो होयो असता, सुतकात सुद्धा. तू तेच्यार बोली चडवत रव. मी डोक्यावरली टोपी काडली, की तू गप."

"आणि माझ्यारच इली तर?"

"टोपी काडल्यार तू गप. मग तुझ्यार कशी येतली?"

"ता खरा," सगुण म्हणाला. पण तो दत्तारामकडे न बघता चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होता.

जत्रेच्या दिवशी मांडावर पाय ठेवायला जागा नव्हती. गुरवानं नारळ देवाच्या पायाला लावला आणि केळीच्या पानावर आणून ठेवला. दत्तारामनं घसा साफ केला.

"राष्ट्रोळीच्या पायाकडलो नारळ! हो नारळ जेच्या घराक, तेच्या पोराक गाडयेत पयलो मान! मागीर दुसरो मान, तिसरो मान! जेच्या नशिबात मान नाय, तेणा शेवटाक उबा रवाचा आणि दुसऱ्याच्या पोराची पाठ बगची! बोला!"

क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग बायकांच्या बाजूला कुजबुज उठली. पाठ बघायची? आपल्या पोरानं?

"पाचशे," गुरुदास शेट खुर्चीतून म्हणाला. स्टँडवरच्या बारचा मालक. पांढरा शर्ट, पुढे आलेलं पोट, शेजारी प्रज्योत.

"सातशे," सगुण.

लोक हसले. सगुणच्या खिशात कधी सात रुपयेही कुणी बघितले नव्हते. गुरुदास शेटचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं आकडा हजारावर नेला, सगुणनं त्याच्यावर. दत्ताराम रंगात आला. "शेटानू, क्लीनर वयर चडलो! तुमी खाली रवल्यात!" गुरुदास शेट चडफडत वाढवत गेला. पाच हजारांच्या पुढे त्याची बायको मागून शर्ट ओढायला लागली.

आता बस, दत्तारामनं ठरवलं. टोपी काढली, कपाळ पुसलं.

"सा हजार," सगुण म्हणाला.

दत्तारामनं टोपी पुन्हा घातली, पुन्हा काढली. चांगली झटकली.

"सा हजार," सगुण पुन्हा म्हणाला. त्याची मान खालीच होती.

गुरुदास शेट उठला. "घाल तुझ्या चुलीत नारळ!" आणि बसला.

"शेटानू, आसा काय? देवाच्या दारात..." दत्ताराम म्हणाला. "कोणूय? सावंत? तुमी? अरे कोणाक तरी लाज?" तो मांडाच्या चारी बाजूंना फिरला. लोकांना वाटलं, दत्ताराम बोली पेटवतोय. ते टाळ्या वाजवायला लागले. "बार घाल! बार घाल!"

"एक बार," दत्ताराम म्हणाला. "आयकूक येता मां सगळ्यांक? एक बार. सावकास. दोन बार." त्यानं पाणी मागितलं, प्यायलं, लोटी परत दिली, लोटीकडे बघत राहिला. मग लोकांनीच ओरडून तिसरा बार घातला.

गुरवानं नारळ उचलला. "कोणाच्या नावान? तुका तर पोर नाय, सगुणा."

सगुणनं पहिल्यांदा वर बघितलं. "दत्तारामाच्या गौरवीच्या नावान."

मांड उसळला. सुलोचनानं पदर तोंडाला लावला. पलीकडे बायकांत गौरवी उभी होती, ती बापाकडेच बघत होती. शेवंती तिच्या शेजारी होती, आणि तिचं तोंड दत्तारामला बघवलं नाही. गुरवानं नारळ त्याच्या हातात ठेवला. देवाच्या पायाचा नारळ. परत द्यायची सोय नाही. दिला तर त्याच्या घराला पुन्हा कसला मान नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे बाकी कुणी पोर गाडीकडे पाठवणार नाही.

मग दुसऱ्या नारळावर जी झोंबाझोंबी झाली, ती विचारू नका. दुसरा मान गुरुदास शेटनं पहिल्यापेक्षा महाग घेतला. रात्र पडायच्या आत वाड्यावरच्या सगळ्या घरांनी आपल्या पोरांची नावं दिली. दत्तारामचं डोकं चाललं ते असं चाललं.

आता हे सहा हजार दत्तारामनं कुठून आणायचे? दुसऱ्या दिवशी टिप्परची बॅटरी आणि जॅक घ्यायला डिचोलीहून भंगारवाला आला. जाता जाता त्यानं टायरवर लाथ मारली आणि म्हणाला, "हेचोय भाव सांगा कायतो." सगुणनं बॅटरी उचलून त्याच्या रिक्षेत ठेवली.

"भडव्या," रिक्षा गेल्यावर दत्ताराम म्हणाला. "टोपी दिसली नाय तुका?"

"दिसली."

"मग?"

"टोपयेचा गौरवीक मीच सांगल्लां. मगे ती म्हणाली, सगुणमामा, पप्पान टोपी काडली तरी सोडू नको. माझ्या पायांक हात लायल्यान. चेडू पायांक हात लायता, मी काय करू?"

दत्ताराम तसाच कोळमीकडे गेला. गौरवी एकटी तुडवत होती. चार पावलं टाकायची आणि थांबायची. बाप येताना बघून तिनं दोन पावलं भरभर टाकली.

"बाहेर ये आदी."

"बोंडू कुसतले."

"कुसांदी! बाहेर ये म्हणतंय!"

ती काठावर बसली. पायांवर माश्या बसायला लागल्या, तिनं हाकलल्या नाहीत.

"बापसाक फसवतंस?"

"तुमी फसवतास तेका विनोद म्हणतास," गौरवी म्हणाली. मग बराच वेळ श्वास घेतला. "माका पेडण्याक धाडतले होतात. आयकलां मी. पप्पा, विहिरीवरसून घागर हाडताना माझ्या डोळ्यांम्होर काळोख येता. दोन खेपे मी पायरेर बसान रवलंय. आई बगता. तुमीय बगतास. कोणच काय विचारना."

"चडणीचा तसाच जाता."

"निखिलदादाक चडण खंय होती? अंगणात होतो तो."

दत्ताराम काहीतरी बोलायला गेला. जिभेवर नेहमीसारखं काहीतरी आलंही होतं. ते त्यानं गिळलं.

"आणि निघालां तर?" तो म्हणाला. "मग काय करशीत? लोक तोंडार गोड बोलतले आणि घरात बसवन ठेवतले तुका."

"आता खंय भायर आसय?" गौरवी म्हणाली आणि पुन्हा कोळमीत पाय घातला. त्यानं दंडाला धरून तिला वर काढलं आणि स्वतः उतरला. संध्याकाळपर्यंत एकटाच तुडवत राहिला. शेवंती बिया पिळत राहिली.

गाडी आदल्या रात्रीच शाळेच्या पटांगणात येऊन लागली. पांढरी, लांब. उजाडायच्या आधी दत्ताराम तिथं पोचला. खिशात व्हॉल्व्हची किल्ली होती. दोन चाकांची हवा सोडली, की गाडी दुपारपर्यंत तिरकी. तिरक्या गाडीत मशीन चालत नाही, हे त्यानं ड्रायव्हरकडूनच गप्पांत काढून घेतलं होतं. तोवर गौरवीला ताप आला म्हणायचं, पहिल्या बसनं पेडणं.

तो मागच्या चाकाशी वाकला, किल्ली काढली.

"हवा बगतंस?"

गाडीच्या पायरीवर सुलोचना बसली होती. मांडीवर शाल, हातात छत्री, जशी काही रात्रभर तिथंच होती.

"हवाच," दत्ताराम म्हणाला. "उतरली काय म्हणान."

"बरा केलंस. तुका टिप्परचा कळता. चारय चाकां बग. वाटेत बंद पडली तर फुडच्या गावच्या पोरांचा काय?"

दत्तारामनं चारी चाकं बघितली. पुढच्या डाव्या चाकात हवा खरंच कमी होती. ड्रायव्हरला उठवून पंप मागितला आणि उकिडवा बसून हवा भरली. सुलोचना छत्री त्याच्या डोक्यावर धरून उभी राहिली, ऊन नव्हतं तरी.

आठ वाजता पटांगण भरलं. मानाच्या क्रमानं रांग. गौरवी पुढं, मागं प्रज्योत, त्याच्या मनगटाला धरून गुरुदास शेट. पोदेर सायकलवरून पाव विकत होता. दत्तारामच्या हातात माइक दिला, कारण माइक त्याच्याच हातात असतो. गौरवी पायरी चढली. दार लागलं.

तो बोलत राहिला. गाडीचं कौतुक, डॉक्टरांचं कौतुक. गुरुदास शेटच्या पोटात मशीनला काळीज सापडायला दोन दिवस लागतील, असं म्हणाला तेव्हा सगळं पटांगण हसलं. दार उघडलं नाही. त्यानं तेच पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. लोक कमी हसले.

मग दार उघडलं. "मुलीचे वडील कोण?"

आत थंड होतं. गौरवी खाटेवर बसून शर्टाची बटणं लावत होती. एक चुकलं, तिनं सगळी काढून पुन्हा लावायला घेतली. डॉक्टरीण तरुण होती, पणजीकडच्या स्वच्छ मराठीत बोलली. काळजाची भिंत जाड झाली आहे. जन्माचं आहे, एका घराण्यात चालत येतं. निखिलचं तिनं गौरवीला आधीच विचारून घेतलं होतं. औषधं आहेत. पण धावणं, तुडवणं, घागरी उचलणं आजपासून बंद. उद्याच मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जा. आता कळलं हे बरं झालं.

"बरा," दत्ताराम म्हणाला.

"पप्पा," गौरवी म्हणाली, "भायर जावन काय सांगतलात?"

त्यानं खिडकीच्या फटीतून बाहेर बघितलं. सगळी रांग दाराकडे तोंड करून उभी होती. आया पोरांना अंगाशी घेऊन. शेवंती आंब्याखाली, गर्दीपासून लांब. त्याचं तोंड बघून ठरणार होतं सगळं. हसत उतरला तर पोरं चढतील आणि गौरवीचं गौरवीजवळ राहील. रडत उतरला तर रांग पांगेल.

"काय सांगू?" त्यानं विचारलं. लेकीला असं त्यानं कधी काही विचारलं नव्हतं.

"आसा ता सांगा."

तो उतरला, माइक उचलला. "माझ्या चेडवाच्या काळजात दोष आसा," तो म्हणाला.

पटांगण हसलं. मागची पोरं तर शिट्ट्या मारायला लागली. गुरुदास शेट म्हणाला, "बापाशीच्या डोक्यात आसा, चेडवाच्या काळजात इलो!" पुन्हा हशा.

"खरा सांगतंय," दत्ताराम म्हणाला. ते आणखी हसले. पन्नास वर्षं या लोकांना त्यानं हसायला शिकवलं होतं, थांबायला शिकवलं नव्हतं. "अरे खरा सांगतंय! आयकात! निखिलाक होता ताच!"

आंब्याखालून शेवंतीची किंकाळी आली. मग एकेकाचं हसू थांबलं, मागच्या पोरांचं सगळ्यात शेवटी. सुलोचना चालत आली आणि गाडीच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. गौरवीचा हात धरून तिला उतरवलं, कदेलावर बसवलं आणि स्वतः तिच्या खुर्चीमागं उभी राहिली, कुणी काढून नेईल तर, अशी.

रांगेच्या शेपटाकडून दोन बायका आपली पोरं ओढत फाटकाकडे चालायला लागल्या. त्यांच्यामागं तिसरी.

"नेक्स्ट," दारातून हाक आली.

दुसरा मान गुरुदास शेटचा. त्यानं प्रज्योतचं मनगट असं आवळलं होतं, की पोराची बोटं पांढरी पडली होती. फाटकाकडे गेलेल्या बायका थांबून बघत होत्या.

"दत्ताराम," गुरुदास शेट हळू म्हणाला. माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या चेड्याक काय निघालां तर?"

"निघालां तर उद्या चौगांय एकाच बशीन जावया," दत्ताराम म्हणाला. "मी जागो धरतंय."

गुरुदास शेटनं मनगट सोडलं. प्रज्योतनं चपला पायरीखाली काढल्या, जशा देवळात काढतात, आणि आत गेला. दार लागलं. दत्तारामनं माइक बंद केला आणि गुरुदास शेटच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघांनाही आत जाता येत नव्हतं, आणि दारापासून हलताही येत नव्हतं.